एक तक्रार कमी

चौथ्या मजल्यावरची सून कामाला निघाली की बाकीच्यांनी मुकाट्याने जिना धरावा, असे इमारतीतले शेजारी म्हणत. त्यात दुष्टावा नव्हता. वैताग होता आणि थोडे कौतुकही होते. रोज सकाळी साडेआठला ती लिफ्टच्या दारात उभी राही, दार मिटू लागले की हातातली लांब दांड्याची छत्री मध्ये आडवी धरी, दार छत्रीला टेकून मागे सरकते की नाही ते पाही आणि मगच आत पाऊल टाकी. आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी छत्री असेच. दुसऱ्या मजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या एक बाई राहत. शिलाई मशीनइतकेच त्यांचे तोंडही चाले. त्या म्हणत, “हिचा लिफ्टवर भरवसा नाही असं नाही हो, हिचा भरवशावरच भरवसा नाही.” त्यांनीच तिचे नाव खात्रीबाई ठेवले, आणि ते असे चिकटले की टपाल घेऊन येणारा माणूसही खाली ‘खात्रीबाई कितव्या मजल्यावर?’ असे विचारू लागला.

सासूबाईंना हे नाव सुरुवातीला बोचले होते. त्याचे कारण त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. ते नाव पडायच्या आधी कितीतरी वेळा त्याच अर्थाचे काहीतरी त्यांच्याही मनात येऊन गेले होते.

सून नवी असतानाची गोष्ट. सगळे मिळून बाहेर निघाले होते आणि सासूबाईंनी घराला कुलूप लावले होते. कुलूप लावल्यावर ओढून पाहणारी माणसे पुष्कळ असतात; त्याचे त्यांना काही वाटले नसते. पण ही मुलगी पुढे झाली, पर्समधून आपल्या कपाटाची किल्ली काढली आणि ती दाराच्या कुलपात घालून फिरवून पाहिली. किल्ली फिरली नाही. तशी ती समाधानाने म्हणाली, “चला.” सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. सत्तावीस वर्षे नोकरी केलेल्या बाईच्या हातून साधे कुलूप लागले नसेल, असा संशय या पोरीला यावा, हे त्यांच्या जिव्हारी लागले. पुढे दोनेक महिन्यांनी त्यांच्या लक्षात आले की स्वतः लावलेल्या कुलपालाही ती चुकीची किल्ली घालून पाहते. तेव्हा त्यांनी एकदाचे विचारले. सून म्हणाली, “आई, बरोबर किल्लीनं कुलूप उघडतं हे सगळे बघतात. चुकीच्या किल्लीनंही उघडत असेल, तर ते कुलूप कसलं?” त्या दिवसापासून आठी गेली.

खरे तर सासूबाईंना हे मुलाच्या लग्नाच्या वेळीच कळायला हवे होते. मुलगा शाळेत भूगोल शिकवतो. स्वभावाने गरीब, वाद नको म्हणून दोन पावले मागे घेणारा. पहिल्या भेटीत मुलीने त्याला आवडीनिवडी विचारल्याच नाहीत. तिने विचारले, “तुमचं काही चुकलं, तर ते मला कसं कळेल?” याने प्रामाणिकपणे सांगितले की आपले चुकले की आपण गप्प बसतो. त्यावर ती म्हणाली होती, “मग अवघड आहे. गप्प बसणं मला वाचता येत नाही. निदान भांडं तरी आपटत जा.” घरी येऊन त्याने हे सांगितले तेव्हा सासूबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. आजही त्या घरात मुलगा चुकला की ओट्यावर एक स्टीलचा पेला ठेवल्याचा जरा मोठा आवाज होतो आणि विषय तिथेच मिटतो.

खात्रीबाई ज्या कंपनीत काम करी, तिथे लिफ्ट चालवणाऱ्या छोट्या संगणकांसाठी प्रोग्राम लिहिले जात. लिहिणारे वेगळे होते. लिहिलेले तपासण्याची व्यवस्था हिच्याकडे होती. सासूबाईंना तिने ते एकदा वाटाणे सोलता सोलता समजावून दिले होते. प्रोग्रामचा एकेक लहान तुकडा सुटा काढायचा, त्याला एक प्रश्न विचारायचा, आणि यायला हवे तेच उत्तर येते का पाहायचे. दार उघडे आहे, लिफ्ट हलेल का? उत्तर ‘नाही’ असे आले तर ठीक. असे हजारो प्रश्न, म्हणजेच चाचण्या, असतात आणि रोज प्रत्येक बदलानंतर ते सगळे पुन्हा विचारावे लागतात. माणसाला ते शक्य नाही. म्हणून प्रश्न मांडून ठेवायला, विचारायला, उत्तरे जुळवायला आणि न जुळल्यास ओरडायला एक तयार चौकट लागते. तिला फ्रेमवर्क म्हणतात. जगात अशा चौकटी पुष्कळ आहेत. पण या कंपनीत अकरा वर्षे जी वापरात होती, ती खुद्द खात्रीबाईने लिहिलेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर, समोर चहाचा कप गार होत असताना ती ही चौकट लिहीत बसे. कार्यालयात त्या चौकटीला सगळे ‘घरची’ म्हणत.

आता कंपनी वाढली होती. मोठ्या साहेबांनी ठरवले की प्रोग्राम लिहिणाऱ्या सर्व गटांनी एकच चौकट वापरावी आणि तपासणीचा स्वतंत्र विभाग उघडावा. त्यासाठी बाहेरच्या दोन नावाजलेल्या चौकटी आणि ‘घरची’ अशा तिघींची परीक्षा घेऊन अहवाल द्यावा, असे काम त्यांनी खात्रीबाईवरच सोपवले. सोपवताना हेही सुचवले की निकाल सर्वांना ठाऊकच आहे, फाइलला एक कागद लागतो एवढेच. ‘घरची’ निवडली जाईल, आणि तिची कर्ती म्हणून विभागाची प्रमुख खात्रीबाई होईल. ही बातमी सासूबाईंच्या पोटात दोन दिवससुद्धा टिकली नाही. दुसऱ्या मजल्यावर बाह्या उसवायला दिलेला ब्लाउज आणायला गेल्या, तेव्हा त्यांनी ती शिवणाऱ्या बाईंच्या कानावर घातली आणि वर ‘कुणाला बोलू नका’ असेही सांगितले. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ते कळेल याची त्यांनी व्यवस्थाच केली.

खात्रीबाईने मात्र परीक्षा खरीखुरी घ्यायला घेतली. चौकट बसवायला किती वेळ लागतो, नवा प्रश्न लिहायला किती ओळी लागतात, एका चाचणीचा खरकटा हात दुसरीला लागतो का, खऱ्या दाराऐवजी खोटे दार उभे करता येते का, असे बारा मुद्दे तिने कागदावर काढले. त्यांतले अकरा कार्यालयातच निकालात निघाले. बारावा तिने रविवारी दुपारी घरी आणला.

जेवणे झाली होती. मुलगा आत उत्तरपत्रिका तपासत होता. खात्रीबाईने टेबल पुसून कोरडे केले आणि कागदांचे तीन गठ्ठे सासूबाईंसमोर ठेवले. एका गठ्ठ्यावर पेन्सिलीने गोल काढला होता, एकावर त्रिकोण, एकावर चौकोन. तिने एका बिनचूक प्रोग्राममध्ये मुद्दाम वीस चुका पेरल्या होत्या, एका वेळी एक. वजन जास्त झाले तरी घंटा वाजणार नाही; चौथ्याऐवजी पाचवा मजला दिसेल; दारात हात आला तरी दार थांबणार नाही. प्रत्येक चूक तिन्ही चौकटींपुढे ठेवली होती, आणि प्रत्येकीने जी तक्रार केली तिचा कागद छापून आणला होता.

“आई, यातलं सगळं कळायची गरज नाही,” ती म्हणाली. “तक्रार वाचून कुठं जायचं आणि काय बघायचं, एवढं समजतं का ते सांगा.”

सासूबाईंनी चष्मा पुसला. हे काम त्यांच्याकडे का आले, हे त्यांना न सांगता उमगले. सत्तावीस वर्षे त्या टेलिफोन कचेरीत तक्रारी नोंदवायच्या खिडकीवर बसल्या होत्या. ‘फोन बिघडलाय’ एवढेच म्हणणारा माणूस आणि ‘तीन दिवसांपासून संध्याकाळी खरखर येते, समोरच्याला माझं ऐकू जातं, मला त्याचं नाही’ असे सांगणारा माणूस, यांतला फरक त्यांना पहिल्या वाक्याला कळे. पहिल्याच्या घरी लाइनमनला दोन चकरा पडत, दुसऱ्याच्या घरी एक.

त्या एकेक कागद वाचू लागल्या. गोल त्यांना मुळीच रुचला नाही. पानभर बोलतो, आणि मुद्द्याची गोष्ट सतराव्या ओळीत; घाबरलेला माणूस शेजाऱ्यापासून सुरुवात करतो ना, तसा. त्रिकोणाविषयी त्यांचे मत बरे होते. काय हवे होते, काय मिळाले, कुठल्या ओळीत. कोरडा आहे, पण शहाणा आहे. चौकोनाचे कागद वाचताना मात्र त्यांचा चेहरा खुलला. “हा छान बोलतो गं. आधी कुठं बघा ते सांगतो, तिथं नाही सापडलं तर कुठं तेही सांगतो. असं कुणी खिडकीवर आलं असतं तर मी उठून खुर्ची दिली असती.”

सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्यांना दिसल्या. चौकोन कोणाचा ते त्यांना कळले. मनातून त्या सुखावल्या. आपण डोळे झाकून दिलेला कौल घरातच पडला, याचा तो आनंद होता.

वाचून झाल्यावर त्यांनी गठ्ठे नीट लावले आणि सवयीने मोजले. कचेरीत पाळी संपली की दिवसभराच्या चिठ्ठ्या मोजून वहीशी ताडल्याशिवाय उठायची मुभा नसे. वीस. वीस. एकोणीस.

“चौकोनाची एक तक्रार कमी आहे,” त्या म्हणाल्या.

छापताना राहिली असेल, असे म्हणून सून संगणकाकडे गेली. चौदाव्या क्रमांकाचा कागद नव्हता. तिने चौदावी चूक पुन्हा ‘घरची’पुढे ठेवली आणि मग सांगितले की या चुकीने चाचणीच्या आधीची तयारीच बिघडली, म्हणून चाचणी सुरूच झाली नाही, म्हणून ती नापासही झाली नाही.

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही.”

“आणि शेवटी काय दाखवलं?”

खात्रीबाईने पडद्याकडे पाहिले. तळाशी हिरवी पट्टी होती. सर्व चाचण्या उत्तीर्ण.

सासूबाईंना जुनी गोष्ट आठवली आणि त्यांनी ती सहज सांगितली. एका नव्या वसाहतीतून अकरा दिवस एकही तक्रार आली नव्हती. वरचे अधिकारी खूश होते. त्या भागाच्या लाइनमनचे कौतुकही झाले. सासूबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी रिकाम्या वेळात त्या वसाहतीतले नंबर एकामागून एक लावून पाहिले. एकही वाजला नाही. खणताना कोणीतरी केबलच तोडली होती, आणि अजून जोडणी मिळाली नसेल असे समजून बिचारी माणसे स्वस्थ बसली होती. “जिथून तक्रार येत नाही, तिथं एक तर सगळं ठीक असतं, नाहीतर तार तुटलेली असते,” सासूबाई म्हणाल्या. “खिडकीत बसून ऐकलं तर दोन्ही सारखंच ऐकू येतं.”

सुनेने खुर्ची पुढे ओढली. तिने अकरा वर्षांपूर्वीचे आपले लिखाण उघडले आणि बोट फिरवत एका ओळीवर थांबली. ती ओळ तिने सासूबाईंना वाचून दाखवली. एकूण चाचण्यांतून नापास झालेल्या वजा करा. उरल्या त्या पास. म्हणजे ज्या कधी विचारल्याच गेल्या नाहीत, त्याही पास. साऱ्या जगाच्या कुलपांत चुकीची किल्ली घालणाऱ्या या बाईने स्वतःच्या हातच्या कुलपात ती एकदाही घातली नव्हती. आतून पेला ठेवल्याचा आवाज आला. मुलाने फक्त पाणी प्यायले होते, पण दोघीही दचकल्या.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा छत्री नेहमीच्या जागी न ठेवता हातात धरूनच बसली. सासूबाईंनी पाणी आणून दिले आणि हळूहळू सगळे बाहेर आले. कार्यालयात तिने खऱ्या चाचण्या उपसून पाहिल्या होत्या. दाराच्या मोटारीच्या त्रेचाळीस चाचण्यांचा एक गट होता. त्यांच्या तयारीला एक फाइल लागे. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी आवराआवर करताना ती दुसऱ्या जागी नेली. तेव्हापासून तयारी रोज बिघडत होती, त्रेचाळीस चाचण्या रोज बाजूला पडत होत्या, आणि हिरवी पट्टी रोज झळकत होती. फाइल जागेवर ठेवून त्या चालवल्या, तेव्हा एकेचाळीस खऱ्या पास झाल्या आणि दोन नापास. दार मिटत असताना वीज जाऊन परत आली, तर आपल्याला मध्ये काहीतरी लागले होते हे दार विसरून जाई. दाराच्या कडेला सुरक्षेची वेगळी रबरी पट्टी असते, म्हणून कोणाला इजा झाली नव्हती. दुरुस्ती त्याच आठवड्यात सगळीकडे जाणार होती.

साहेब काही वाईट नव्हते. त्यांचे म्हणणे सरळ होते: ओळ चुकली ना, दुरुस्त करा, दहा मिनिटांचे काम. चौदावा कागद गठ्ठ्यात लावा, वीसपैकी वीस होतील, आणि अहवाल पुढे पाठवा. विभागाच्या दारावरची पाटीसुद्धा करायला टाकली आहे. तिने तीन दिवस मागून घेतले.

त्या तीन दिवसांत मुलाने एकदा धीर करून आपले मत मांडले, आणि त्याच्या मते ते व्यवहाराचे होते: ओळ सुधारली की दोष उरत नाही, आणि प्रमुख झालीस तर पुढे असे होऊ नये हे तूच पाहू शकशील. खात्रीबाईने त्याला खोडून काढले नाही. सासूबाईंना तर दुहेरी टोचणी होती. एक म्हणजे इमारतभर झालेली बातमी. आणि दुसरी, ती जास्त खोल होती. दुसऱ्या दिवशी त्या म्हणून गेल्या, “मी ते कागद मोजायला नको होते.”

सून भाजी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुम्ही मोजणार नसता, तर मी तुम्हाला बसवलंच कशाला असतं, आई?”

तिसऱ्या दिवशी तिने उरलेले काम केले. ओळ सुधारली, आणि मग वीस नव्या चुका पेरल्या. या वेळी प्रोग्राममध्ये नाही, तर चाचण्यांच्या तयारीत, आवराआवरीत, मोजदादीत, म्हणजे जिथे कोणी पाहत नाही तिथे. ‘घरची’ आणखी चार ठिकाणी मूग गिळून बसली. त्रिकोणही एका ठिकाणी गप्प बसला. पण त्रिकोणाच्या कर्त्यांनी तक्रारींची वही सगळ्या जगाला उघडी ठेवली होती. तिने त्यात शोधले, तर ती एक चूक कुठल्याशा अनोळखी माणसाने दोन महिन्यांपूर्वीच लिहून ठेवली होती, आणि तिच्यावर काम चालू होते. ‘घरची’चीही एक वही होती. अकरा वर्षांत तिच्यात एकही नोंद नव्हती. कोणाला काही अडले की तो उठून हिच्या टेबलाशी येई, आणि ही बसल्या जागी, प्रेमाने, तोंडी सोडवून देई. हे सांगताना त्या संध्याकाळीही तिने छत्री हातातच धरली होती. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर ती अकरा दिवस गप्प असलेली वसाहत उभी राहिली. त्यांनी तिच्या हातातली छत्री काढून घेतली आणि खुंटीला अडकवली.

अहवालात तिने त्रिकोण निवडावा अशी शिफारस केली, आणि ‘घरची’ वर्षअखेरपर्यंत बंद करावी असे लिहिले. कारणांच्या जागी एकच परिच्छेद होता. त्यातले एक वाक्य सासूबाईंनी मागून घेऊन दोनदा वाचले: ‘ही चौकट मी लिहिली आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने इतकी वर्षे मी तिची परीक्षा घेतली नाही.’

विभागाची प्रमुख म्हणून बाहेरून एक बाई आल्या. खात्रीबाईहून दहा वर्षांनी लहान, बोलायला अदबशीर, आणि त्रिकोणाच्या चांगल्या जाणकार. पाटीवर त्यांचे नाव लागले. खात्रीबाईकडे जुन्या चाचण्या एकेक करून नव्या चौकटीत नेण्याचे काम आले. तीन हजारांच्या वर चाचण्या होत्या. दुसरे कोणी असते तर सरसकट उतरवून मोकळे झाले असते. ही प्रत्येक चाचणी नव्या जागी बसवली की आधी मुद्दाम नापास करून पाहते, ती ओरडते याची खात्री करते आणि मगच पुढचीला हात लावते. संध्याकाळी ती दारात चप्पल काढते, तोच सासूबाईंचा प्रश्न ठरलेला असतो, “आज किती जणी बोलल्या?” तीसेक म्हटले की चांगला दिवस; बारा म्हटले की एखादीने छळले असे समजायचे आणि चहात साखर जरा जास्त टाकायची.

शेजाऱ्यांना मात्र हे सगळे उलगडून सांगणार कोण? इमारतीला एवढेच कळले की प्रमुख होणार होती ती झाली नाही, आणि ते तिने आपल्या हाताने घालवले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बरेच दिवस दम धरून होत्या. शेवटी एका सकाळी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे म्हणून दोघी सासूसुना खाली निघाल्या, तर लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि शिवलेल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन त्या बाई आत शिरल्या. तळमजला आला. बाहेर पडायच्या आधी खात्रीबाईने सवयीप्रमाणे मिटत्या दारात छत्री धरली. बाईंना राहवले नाही.

“एक विचारू का गं? राग मानू नकोस,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षांचं स्वतःचं काम स्वतःच मोडीत काढलंस, चालून आलेली खुर्ची घालवलीस. गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?”

सासूबाई पुढे सरसावल्या. त्यांच्याजवळ याचे उत्तर तयार होते, चांगले लांबलचक, टेलिफोन कचेरीपासून सुरू होणारे. पण दार छत्रीला टेकले, क्षणभर थबकले आणि मागे सरकले. सुनेने ते नीट पाहून घेतले, आणि मगच ती बाईंकडे वळली.

“खुर्ची गेली ते मला त्याच दिवशी कळलं. त्रेचाळीस चाचण्या गेलेल्या कळायला तीन वर्षं लागली. आता गाठोडं उचला, दार उघडं आहे.”